परक्याच्या गड्डीला हात

रविवारी मैत्रिणीनं बेळगावात टिळकवाडीला जेवायला बोलावलं होतं. जेवण झालं, तिनं टेबल पुसलं आणि बुटाच्या खोक्याएवढं एक खोकं मधोमध आणून ठेवलं. मला वाटलं, गोड काहीतरी असेल. झाकण निघालं तर आत पत्तेच पत्ते. इस्पिक-बदामाचे नव्हेत. प्रत्येकावर एक चित्र, आणि चित्राखाली बारीक इंग्रजीत पाच-सहा ओळी. मी खुर्ची जराशी मागं सरकवली.

पत्त्यांचं मला काही नवल नव्हतं. निपाणीला आमच्या गल्लीत कट्ट्यावर पत्ते बघतच मी मोठी झाले. भीती त्या बारीक इंग्रजीची होती. मी बी.कॉम. आहे. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करते, इंग्रजीत ईमेल लिहिते, माल उशिरा आला तर फोनवर कन्नडमधून भांडतेही. घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि हे सांगायला मी कुठं लाजत नाही. पण ईमेल लिहिताना समोर बसून कुणी आपल्या तोंडाकडं बघत नसतं. इथं तिघं बघत होते. एक मैत्रीण, दुसरा तिचा वकिली करणारा थोरला भाऊ, ज्याला मीही दादाच म्हणते, आणि तिसरा आमच्या ऑफिसातला कन्नड सहकारी, ज्याला अख्खं ऑफिस अण्णा म्हणतं.

दादानं एक पान माझ्या हातात दिलं. "वाच आणि सांग, हे काय करतं."

मी वाचलं. मनातच. मग परत पहिल्यापासून वाचलं. आणि पान टेबलावर ठेवून दिलं.

"मोठ्यानं वाच की गं," अण्णा म्हणाला. "पोलिसांची नोटीस आलीय काय, मनातल्या मनात वाचायला?"

सगळे हसले. मीही हसले, पण कानशिलं गरम झाली होती. शेवटी वाचलं. एका शब्दाला अडखळले. मैत्रिणीनंच मग सांगितलं, "तो शब्द आम्हालाबी पहिल्यांदा कळला नव्हता. दादानं तर डिक्शनरी काढलेली."

"मी नव्हती काढली."

"काढलेलीस. वकील असून."

खेळ असा होता. एकाचं राज्य, दुसऱ्याचं बंड. राज्यवाला आपली पानं पालथी मांडतो, बंडखोरानं अंदाज बांधून ती उलथायची. कुठली पानं घेऊन खेळायचं ते प्रत्येकानं घरूनच ठरवून, आपली गड्डी आपण बांधून आणायची. मी विचारलं, की चांगली पानं मिळायची कशी? कारण मी ऐकलं होतं, अशा खेळात बंद पाकिटं विकत घ्यावी लागतात आणि आत काय निघेल ते नशीब. दादा म्हणाला, तो प्रकार वेगळा. या खेळात खोकं घेतलं की सगळ्यांना सारखीच पानं. काही महिन्यांनी नवीन पानांचं पाकीट निघतं, त्यातही सगळ्यांना तीच. खेळ असा वाढत राहतो म्हणून त्याला 'लिव्हिंग कार्ड गेम' म्हणायचं.

"म्हणजे तुमच्याकडं जे पान, तेच माझ्याकडं?"

"तेच. डोकं तेवढं ज्याचं त्याचं."

हे मला आवडलं. इतकं आवडलं की भीती वाटत असतानाही मी पुढच्या रविवारी गेले. आमच्या गल्लीतल्या माणसानं काहीही मिळवलं की 'तुमचं काय बाबा, तुम्हाला सवलत' हे ऐकून घ्यावं लागतं. मला शाळेत ऐकावं लागलं, कॉलेजात लागलं, नोकरी लागली त्या दिवशीही लागलं. इथं ते म्हणायला जागाच नव्हती.

पण भीती गेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. या खेळात मधेच बोलावं लागतं. समोरच्यानं चाल केली आणि ती अडवायचं पान तुमच्याकडं असलं, तर त्याच वेळी 'थांबा' म्हणायचं. नाही म्हणालात की संधी गेली. आता मला सांगा, आम्हाला लहानपणापासून काय शिकवलं? मोठी माणसं बोलत असली की गप बसायचं. दादा चाल करायचा, माझ्या हातात पान असायचं, ओठ हलायचे आणि आवाज फुटायचा नाही. डाव संपल्यावर मी पानं दाखवली की दादा डोक्याला हात लावायचा.

"अगं, हे होतं तुझ्याकडं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होता ना."

"मी हरेपर्यंत बोलत बसेन. तू मला थांबव."

अण्णानं त्यावर उपाय काढला. माझी पाळी नसताना अडवायचं पान माझ्या हातात दिसलं, की शेजारी बसलेला तो टेबलाखालून माझ्या पायावर पाय द्यायचा. पहिल्यांदा मी दचकून "आई गं" ओरडले. दादा म्हणाला, "'आई गं' चालणार नाही, 'थांबा' म्हण." असं करत करत मी शिकले. शब्द यायला लागला.

मीही त्यांना एक गोष्ट शिकवली, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यामुळं झालं.

आमच्याकडं पत्ते पिसून झाले की वाटणारा गड्डी समोरच्यापुढं धरतो. समोरच्यानं ती कापायची, म्हणजे वरची थोडी पानं उचलून खाली घालायची, हा सगळीकडचाच रिवाज आहे. पण आमच्या गल्लीत कापत नाहीत. गड्डीवर एक बोट टेकवतात, टक्कन, आणि म्हणतात, "वाट." त्याचा अर्थ, तुझ्यावर विश्वास आहे. खरोखर कापायला घेतलं तर वाटणारा पानं खाली टाकतो. "का रं? भरवसा न्हाय?" यावरून कट्ट्यावर भांडणं होऊन माणसं बोलायची थांबलेली मी बघितलीत.

पहिल्याच रविवारी अण्णानं माझ्यापुढं गड्डी धरली आणि मी सवयीनं बोट टेकवलं. त्यानं विचारलं हे काय, मी सांगितलं. तिघांना फार गंमत वाटली. त्या दिवसापासून तो आमचा 'निपाणी रूल' झाला. दादा कोर्टात शपथ घ्यावी तसा गंभीर चेहरा करून बोट टेकवायचा. खरा नियम काय आहे ते तिघांना माहीत असणार, पण चार घरच्या माणसांत कोण नियम काढत बसतंय?

काही महिन्यांनी दादानं बातमी आणली. बेळगावातच या खेळाची स्पर्धा होणार होती. हुबळीची, कोल्हापूरची, गोव्याची माणसं येणार. त्यानं आम्हा चौघांची नावं देऊन टाकली होती.

"माझं का दिलं?" मी म्हणाले. "मी नाही येणार."

"का?"

"अनोळखी माणसं असतील."

"मग ओळख होईल."

शनिवारी निपाणीला गेल्यावर आईला सांगितलं. ती अजून वखारीत जाते, तंबाखू निवडायला. पत्ते म्हटल्यावर तिचा हात भाकरीवरच थांबला.

"पत्तं? लोकांम्होरं?"

"तसलं न्हाय गं आई. डोक्याचा खेळ हाय. स्पर्धा हाय."

"स्पर्धा म्हंजे नंबर काडत्यात?"

"व्हय."

"पैसं लावायचं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मग जा. पर जपून." थोड्या वेळानं परत म्हणाली, "लई लोक आसतील तितं. जपून बस."

कशाला जपायचं ते ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरात 'जपून' एवढं म्हटलं की पुरतं.

स्पर्धेचा हॉल एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. लांबच लांब टेबलं, दोन्ही बाजूंनी खुर्च्या, समोरासमोर बसून खेळायचं. मी जिन्यातच दोनदा पाणी प्यायले. आत गेले तर सगळ्यांच्या हातात चामड्याचे डबे, रंगीत चटया, प्रत्येक पानाला पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर. माझ्याही पानांना कव्हरं होती, मैत्रिणीनंच घालून दिलेली. डबा मात्र तिळाच्या लाडवांचा होता. हॉलमध्ये बायका आम्ही धरून पाच-सहाच असू.

चौघांची चार टेबलं झाली. माझ्या मागच्याच टेबलावर अण्णा होता, एवढाच धीर. माझ्यासमोर हुबळीचा एक मुलगा येऊन बसला. माझ्याच वयाचा, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. कन्नडमधून नमस्कार केला, मीही केला. मी पानं पिसली आणि गड्डी त्याच्यापुढं धरली.

त्यानं बोट टेकवलं नाही. त्यानं गड्डी माझ्या हातातून घेतली.

घेतली आणि स्वतःच पिसायला लागला. नीट, सावकाश, दोन ढीग करून एकात एक घालून. माझी पानं. मी बघत राहिले.

आई वखारीतून सुटायची तेव्हा मी फाटकापाशी उभी असायचे. सगळ्या बायका ओळीनं यायच्या आणि फाटकावर त्यांची झडती व्हायची. जेवणाचा डबा उघडून दाखवायचा, पदर झटकायचा, हात वर करायचे. तंबाखू तर नेत नाही ना, म्हणून. आई हात वर करून उभी राहायची आणि फाटकाबाहेर माझ्याकडं न बघता लांब कुठंतरी बघायची. रोज. काही सापडायचं नाही, तरी रोज.

"हे काय करताय?" मी म्हणाले. कन्नडमध्ये नाही, हिंदीत नाही, सरळ मराठीत, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली.

त्या मुलाचे हात थांबले. "याक री?" का हो, काय झालं?

"मी काय चोरी केलीय? तुम्ही माझी पानं कशाला तपासताय? मी ग्रॅज्युएट आहे, असलं काही करणारी नाही मी."

ग्रॅज्युएटचा इथं काय संबंध होता, ते मला आजही सांगता येणार नाही. पण तेव्हा तोंडाला तेच आलं.

पंच आला. मध्यम वयाचा, शांत माणूस. त्याला वाटलं काहीतरी मोठं भांडण आहे. ऐकून घेतल्यावर त्यानं मराठीतच समजावलं, की स्पर्धेत प्रत्येकाची गड्डी समोरच्यानं पिसायचीच असते. संशय वगैरे काही नाही. "आणि तुम्हीपण यांची पिसायची."

"मला नको," मी म्हणाले. "माझा विश्वास आहे त्यांच्यावर."

"विश्वास असू द्या. पिसावी लागेल."

"मी हात लावणार नाही त्यांच्या पानांना."

"मग ही फेरी तुम्हाला सोडावी लागेल, ताई."

मागून अण्णा हळूच म्हणाला, "अगं, आम्ही सांगायला पाहिजे होतं. इथं निपाणी रूल नाही. पिस आणि मोकळी हो."

त्याला वाटलं माझा मान दुखावलाय. मान दुखावला होताच. पण आता मान मागं पडला होता आणि त्या जागी खरी भीती येऊन बसली होती. आईनं मला लिहायला-वाचायला नाही शिकवलं, तिला येत नव्हतं. तिनं एक गोष्ट शिकवली आणि ती रोज शिकवली. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. काही हरवलं तर पहिलं नाव आपलं येतं. शाळेत एका मुलीची कंपासपेटी हरवली तेव्हा अख्ख्या वर्गातली पहिली दप्तरं आमच्या गल्लीतल्या पोरांची उघडली होती. मी टिळकवाडीच्या घरात इतके रविवार जाते, अजून त्यांच्या शोकेसमधली वस्तू उचलून बघितलेली नाही. आणि हा पंच मला भर हॉलमध्ये सांगत होता, परक्या माणसाची गड्डी हातात घे.

त्या मुलानं गड्डी माझ्यासमोर ठेवली. "बेजार माडकोबेड्री," तो म्हणाला. वाईट वाटून घेऊ नका. त्याच्या तोंडाकडं बघितलं तर तोही घाबरलेला दिसत होता.

उठून जावं असं वाटलं. जिना मागंच होता. पण उठले असते तर हॉलमधल्या माणसांना एवढंच कळलं असतं, की या बाईची पानं तपासायला घेतली आणि ही पळाली. बसले तरी माझंच नाव आणि उठले तरी माझंच.

मी गड्डी उचलली.

प्लॅस्टिकची कव्हरं गुळगुळीत असतात आणि माझे तळवे घामानं ओले. अर्धी पानं एका हातात, अर्धी दुसऱ्या हातात घेऊन मी एकात एक घालायला गेले आणि ती सटकली. टेबलभर पानं झाली. काही खाली पडली. मी "सॉरी, सॉरी" म्हणत वाकले, तो वाकला, दोघांची डोकी आपटता आपटता राहिली. पंचही एक पान उचलून देत होता. सगळी गोळा करून त्या मुलानं मोजली. मग परत मोजली.

"एक कमी आहे," तो म्हणाला.

त्या वेळी मला काय झालं ते नीट लिहिता येत नाही. हॉलचा आवाज लांब गेला. मी टेबलावर दोन्ही हात उपडे ठेवले आणि मग उलटे केले, म्हणजे तळवे वर, रिकामे, सगळ्यांना दिसतील असे. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. माझी पिशवी पायाशी होती, ती मी उचलून टेबलावर ठेवली आणि चेन उघडायला लागले.

"काय करताय ताई?" पंचानं विचारलं.

"बघा. बघून घ्या."

"पिशवीत कसं जाईल? खुर्चीखाली बघा की."

खुर्चीखाली नव्हतं. टेबलाच्या पायाशी नव्हतं. मैत्रीण तिच्या टेबलावरून उठून आली होती, दादा आला होता. मी उभी राहिले, आणि उभी राहताना मला ते दिसलं. माझ्या ओढणीच्या घडीत, कमरेपाशी, पानाचा एक कोपरा वर आलेला.

ते माझ्या अंगावर होतं. परक्याचं पान, माझ्या कपड्यांत.

मी ते काढूही शकले नाही. नुसतं बोट दाखवलं. आता बोलणार, आता कुणीतरी बोलणार, म्हणून मान खाली घालून उभी राहिले.

तो मुलगा टेबलावरून वाकला, दोन बोटांनी पान काढून घेतलं, उलटून बघितलं आणि हसला. "हे पान नेमकं मला डावात कधीच येत नाही," तो कन्नडमध्ये म्हणाला. "तुमच्याकडं बरं आलं."

बाजूच्या टेबलावरचा कुणीतरी हसला. पंचानं घड्याळ बघितलं. "पिसा परत, सुरू करा. वेळ चाललाय."

बस्स. एवढंच. आपापल्या टेबलावर सगळे परत गेले. मी उभीच होते. मला वाटत होतं, अजून काहीतरी व्हायचं राहिलंय. अण्णानं मागून खुर्चीला ढकललं. "बस गं."

मी बसले. ओढणी काढून पिशवीत घातली, हात रुमालाला पुसले आणि गड्डी परत घेतली. यावेळी टेबलावर ठेवूनच पिसली, लहान मुलं पिसतात तशी पसरून, गोल गोल फिरवून. कसंतरी दिसत असेल. पण पिसली, आणि त्याच्यापुढं सरकवली.

तो डाव मी हरले. मध्यावर त्यानं अशी चाल केली की ती अडवायचं पान माझ्या हातात होतं. मी "थांबा" म्हणाले, इतक्या जोरात, की तो दचकला. पण तोवर माझं राज्य निम्मं गेलेलं होतं. उठताना त्यानं हात पुढं केला. माझा तळवा अजून ओला होता, तरी मी दिला.

पुढच्या फेरीला एक कोल्हापूरच्या बाई होत्या. माझ्यापेक्षा मोठ्या, बोलक्या. त्यांनी गड्डी पुढं केली तेव्हा परत जिन्याकडं नजर गेली. तरी घेतली. पिसताना एकदाही वर बघितलं नाही, एक एक पान डोळ्यांनी धरून ठेवल्यासारखी पिसली. "एवढं हळू व्हय?" त्या म्हणाल्या. "जेवायला सोडणार हाईसा न्हवं?" तो डाव मी जिंकले. जिंकले तेव्हा आनंद झाला असेल, पण मला आठवतं ते एवढंच, की पिसून झालेली त्यांची गड्डी त्यांना परत देताना मी म्हणाले, "मोजून घ्या." त्यांनी न मोजताच पानं मांडायला घेतली.

संध्याकाळी आईला फोन केला. तिच्या मागं शेजारणीचा आवाज येत होता. मी तिला सगळं सांगितलं, पान ओढणीत सापडल्याचंही. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगून टाकलं.

"मग?" आईनं विचारलं. "काय म्हनला त्यो?"

"काय न्हाय. हसला."

"हसला म्हंजे? कसा हसला?"

"साधंच गं."

"साधं म्हंजे? आनि बाकीचं?"

"बाकीचं आपापलं खेळाया लागलं."

"कुनी परत इचारलं न्हाय? जाताना?"

"न्हाय गं आई."

फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं. मग ऐकू आलं, ती फोन तोंडापासून लांब धरून शेजारणीला सांगत होती. आवाजात भीती होती आणि आणखी काहीतरी होतं, जे मी तिच्या आवाजात आधी ऐकलं नव्हतं.

"न्हाय गं. काय झालं न्हाय. तिच्या वडनीत सापडलं, तरी काय झालं न्हाय."